ज्ञानभांडारांचे जतनकर्ते : आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी

कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी. या दिवशी पोथ्या-पुस्तके पाटावर मांडून त्यांना वासक्षेप वाहण्याचा, धूप-दीप करण्याचा परिपाठ आपल्या घराघरांतून व उपाश्रयांतून आजही पाळला जातो. या पंचमीचे मूळ प्रयोजन मात्र पूजेपुरते मर्यादित नव्हते. पावसाळ्याचे चार महिने ज्ञानभांडारे बंद ठेवावी लागत. दमट हवा लागली की पोथ्यांची पाने परस्परांना चिकटतात, बुरशी धरते, कसर लागते. पाऊस सरून आकाश निवळले की भांडारे उघडावीत, पोथ्यांना मोकळी हवा व ऊब द्यावी, धूळ झटकावी, जीर्ण झालेली बासने बदलावीत आणि सर्व पुन्हा घट्ट बांधून जागच्या जागी ठेवावे, असा हा वार्षिक कार्यक्रम होता. हजारो पोथ्यांचे हे काम एकट्यादुकट्याच्या हातून होणारे नसल्याने पूर्वाचार्यांनी एक तिथी नेमून सकल संघाला त्यात सामील करून घेतले. कालांतराने काम गळून पडले आणि पूजा तेवढी उरली. ही गोष्ट ज्यांनी कोणाचीही भीडभाड न ठेवता लिहून ठेवली, त्या मुनिश्री पुण्यविजयजींचा जन्मही ज्ञानपंचमीचाच होता.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील कपडवंज या गावी १८९५ साली त्यांचा जन्म झाला. संसारी नाव मणिलाल, पिता डाह्याभाई, माता माणेकबेन. त्यांच्या शैशवातील एक प्रसंग चरित्रकार आवर्जून सांगतात. वडील व्यवसायानिमित्त मुंबईस होते, माता कपडे धुण्यासाठी नदीवर गेलेली, आणि मोहल्ल्यात आग लागली. घरात पाळण्यात असलेल्या तान्ह्या बालकाचे रडणे एका बोहरी गृहस्थाच्या कानी पडले. त्याने आगीत शिरून मुलाला बाहेर काढले आणि स्वतःच्या घरी सांभाळले. माता परतली तेव्हा घराची राख झाली होती, परंतु मूल सुखरूप होते. पुढे शेकडो वर्षांचे ग्रंथधन आगीपासून वाचविण्यासाठी ज्यांनी जिवाचे रान केले, त्यांचे स्वतःचे आयुष्य असे एका परधर्मीय शेजाऱ्याच्या हातून आगीतून वाचलेले होते.

वडिलांच्या निधनानंतर मातेच्या मनात वैराग्य दृढ झाले. लहान मुलाची जबाबदारी एवढाच काय तो पाश उरला होता. अखेर मायलेकांनी दोघांनीही संयममार्ग स्वीकारला. १९०९ मध्ये वडोदऱ्याजवळील छाणी येथे मणिलालची दीक्षा झाली आणि तो मुनी पुण्यविजय झाला. पाठोपाठ माताही साध्वी रत्नश्रीजी झाल्या. गुरू मुनिश्री चतुरविजयजी आणि दादागुरू प्रवर्तक कांतिविजयजी हे दोघेही ग्रंथवेडे. जुन्या पोथ्या मिळवाव्यात, लेखनिकांकडून नकला करवून घ्याव्यात, भांडारांच्या याद्या कराव्यात, हा त्यांचा नित्याचा उद्योग. लिंबडीच्या भांडाराची सूची चतुरविजयजींनीच तयार केली होती. बालमुनीला दुसरी शाळा लाभली नाही आणि तिची उणीवही भासली नाही. पंडित सुखलालजींजवळ त्यांनी संस्कृत व शास्त्रग्रंथांचे अध्ययन केले. प्रज्ञाचक्षू पंडितजींना डोळ्यांनी पोथी वाचणे शक्य नव्हते आणि त्यांच्या या विद्यार्थ्याचे डोळे पुढे साठ वर्षे पोथीवरून हलले नाहीत!

दादागुरूंच्या वार्धक्यामुळे त्यांना बरीच वर्षे पाटण येथे राहावे लागले. सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाळ यांची, कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांची ही नगरी. संघवी पाडा, वाडी पार्श्वनाथ, खेतरवसी अशी अनेक ज्ञानभांडारे तेथे निरनिराळ्या मोहल्ल्यांतून विखुरलेली होती. त्यांची कीर्ती युरोपपर्यंत पोहोचली होती. ब्यूलर, पीटरसन हे विद्वान येऊन गेले होते आणि चिमणलाल दलाल यांनी सूचीचे काम आरंभिले होते. ते दलालांच्या अकाली निधनानंतर पंडित लालचंद गांधी यांनी पूर्ण केले आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि एखाद्या विद्वानाने चार दिवस येऊन निवडक ग्रंथांची टिपणे करणे निराळे आणि भांडारातील पान न् पान हाताखालून घालणे निराळे. हे दुसरे काम पुण्यविजयजींनी अंगावर घेतले.

ते काम नेमके कसे चाले, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ताडपत्राची पोथी शिवलेली नसते. पानांना भोके पाडून त्यांतून दोरी ओवलेली असते आणि वर-खाली लाकडी फळ्या असतात. दोरी तुटली की पाने सुटतात, शेजारच्या पोथीत मिसळतात, आणि दोन-तीन पिढ्यांच्या हलगर्जीपणानंतर भांडाराच्या कोपऱ्यात सुट्या पानांचे व तुकड्यांचे ढीग साचतात. अशा ढिगांकडे बहुतेक जण निर्माल्य म्हणून पाहत. पुण्यविजयजी ते घेऊन बसत. पानाची लांबी-रुंदी, ओळींची संख्या, अक्षराचे वळण, मात्रा अक्षराच्या वर दिली आहे की जुन्या रीतीप्रमाणे आधी, यांवरून ते पाने वेगवेगळी करीत. ताडपत्रावर एका समासात पानाचा क्रमांक अंकांत आणि दुसऱ्या समासात अक्षरांकांत लिहिण्याची प्रथा होती. एक बाजू तुटली असली तरी दुसरीवरून क्रम लागे. मग मजकूर वाचून ग्रंथ ओळखायचा आणि हरवलेले पान त्याच्या घरी पोहोचवायचे. या रीतीने केवळ कचरा समजल्या गेलेल्या ढिगांतून अनेक ग्रंथ पूर्ण झाले.

या अनुभवातून त्यांचा भारतीय जैन श्रमणसंस्कृती आणि लेखनकला या विषयावरील गुजराती प्रबंध सिद्ध झाला. साराभाई नवाब यांच्या जैन चित्रकल्पद्रुम या ग्रंथासाठी १९३५ च्या सुमारास लिहिलेला हा प्रबंध प्रत्येक संग्रहालयाच्या कपाटात असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ताडपत्राचे प्रकार, कागद, बरूची लेखणी, ओळी आखण्यासाठी दोरे ताणलेली पाटी, काजळी, बोळ व डिंक यांपासून शाई करण्याच्या कृती, लेखनिकांच्या सवयी व समजुती, सर्व काही त्यात आहे. चुकीचे अक्षर पुसण्यासाठी त्यावर पिवळा हरताळ लावीत. मराठीत आपण एखाद्या गोष्टीला हरताळ फासला असे म्हणतो, ती म्हण याच पोथ्यांच्या दुनियेतून आली आहे. बत्तीस अक्षरांचे एक याप्रमाणे मोजलेली ग्रंथसंख्या, म्हणजे ग्रंथाग्र, पोथीच्या अखेरीस लिहिलेली असे. लेखनिकाची मजुरी तिच्यावरून ठरे आणि ग्रंथ पूर्ण आहे की मध्येच काही गळाले आहे, हेही तिच्यावरूनच पडताळता येई.

जतनाच्या भागात तर त्यांनी परंपरेचे शहाणपण आणि स्वतःचा अनुभव एकत्र केला आहे. जीवहिंसा वर्ज्य असलेल्या परंपरेला किडे मारण्याचे उपाय उपयोगाचे नव्हते. त्यामुळे किडे येऊच नयेत, अशीच सारी व्यवस्था करण्यात आली. पोथ्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायच्या, बासन इतके घट्ट बांधायचे की आत हवा शिरू नये, पावसाळ्यात पोथी सोडायची नाही. शाईत डिंक जास्त पडला असेल तर कागदावर गुलाल भुरभुरावा म्हणजे पाने चिकटत नाहीत. चिकटलेलीच असतील तर ती कधीही बळाने ओढू नयेत. कागदाच्या पोथीला ओलसर हवा लागू द्यावी, ताडपत्राभोवती ओले फडके गुंडाळावे आणि पाने सैल पडली की धीराने एकेक वेगळे करावे. आजचे संग्रहालयशास्त्रही नुकसान झाल्यावरच्या उपचारांपेक्षा ते होऊ न देण्यावर भर देते, हे या ठिकाणी नमूद करण्यासारखे आहे. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी तेल, पाणी, उंदीर आणि ढिली बांधणी यांपासून तिला जपण्याची विनवणी करून ठेवीत. ती विनवणी गांभीर्याने ऐकणारा माणूस मात्र त्यांना फार उशिरा मिळाला.

पाटणच्या विखुरलेल्या भांडारांना एकत्र सुरक्षित वास्तू मिळावी, ही कांतिविजयजी व चतुरविजयजींची आस होती. दाट वस्तीच्या मोहल्ल्यांतील लाकडी घरे आणि त्यांत पेट्यांतून ठेवलेल्या पोथ्या! एक ठिणगी पुरेशी होती. दानशूर श्रावकांच्या साह्याने आगीला दाद न देणारी इमारत उभी राहिली आणि १९३९ मध्ये कन्हैयालाल मुनशी यांच्या हस्ते श्री हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिराचे उद्घाटन झाले. आज तेथे वीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. हे एकत्रीकरण सोपे नव्हते. प्रत्येक भांडार कोणत्या ना कोणत्या गच्छाचे, मोहल्ल्याचे किंवा कुटुंबाचे. वाडवडिलांनी जपलेले धन दुसऱ्याच्या छपराखाली का द्यावे, हा प्रश्न अगदीच गैर म्हणता येणार नाही. पोथ्या परदेशी गेल्याच्या, उसन्या नेलेल्या परत न आल्याच्या कथा सर्वांना ठाऊक होत्या. कित्येक भांडारांच्या किल्ल्या म्हणूनच एकाहून अधिक विश्वस्तांकडे असत आणि सर्व जण जमल्याशिवाय दार उघडत नसे. हा अविश्वास कायदा दाखवून किंवा वाद घालून जाणारा नव्हता. पुण्यविजयजींनी केलेली याद्यांची टापटीप पाहून तो हळूहळू गेला. प्रत्येक पोथीला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला नोंद आणि नोंदीप्रमाणे पोथी जागेवर, एवढे दिसले की विश्वस्तांचे मन निवे. आगमांच्या संशोधनामुळे त्यांना आगमप्रभाकर ही पदवी मिळाली, तरी भांडारांची दारे उघडली ती मुख्यतः या टापटिपीमुळे, असे आम्हांस वाटते.

भांडार उघडल्याने काय लाभते, याचे एक उदाहरण मराठी वाचकांना विशेष जवळचे वाटेल. चतुरविजयजी व पुण्यविजयजी या गुरुशिष्यांनी संघदासगणींची वसुदेवहिंडी ही प्राकृत कथा संपादित करून १९३०-३१ मध्ये भावनगरच्या जैन आत्मानंद सभेतर्फे प्रसिद्ध केली. जर्मन पंडित लुडविग आल्सडॉर्फ यांनी ती अभ्यासून १९३५ मध्ये दाखवून दिले की गुणाढ्याच्या लुप्त बृहत्कथेचे एक अत्यंत जुने रूप या ग्रंथात जपलेले आहे. गुणाढ्याचे नाव परंपरेने सातवाहनांच्या दरबाराशी, म्हणजे आपल्या प्रतिष्ठानाशी, आजच्या पैठणशी, जोडलेले आहे आणि वसुदेवहिंडीची भाषा आहे जुनी जैन महाराष्ट्री. गोदाकाठच्या कथेचा धागा असा गुजरातच्या पोथ्यांतून हाती आला. दुसरे उदाहरण याहून नवलाचे आहे. जयराशी भट्टांचा तत्त्वोपप्लवसिंह हा ग्रंथ कोणतेच प्रमाण न मानणारा, सर्वच दर्शनांना उडवून लावणारा. त्याची ताडपत्रावरची पोथी पाटणच्या जैन भांडारात सापडली आणि पंडित सुखलालजी व रसिकलाल परीख यांनी ती १९४० मध्ये प्रकाशात आणली. आपल्या मताचे खंडन करणारा ग्रंथही शतकानुशतके जपून ठेवणाऱ्या त्या अज्ञात भांडारकांविषयी मनात आदर दाटून येतो.

गुरू व दादागुरू यांच्या निधनानंतर पुण्यविजयजींनी जैसलमेरची वाट धरली. किल्ल्यातील संभवनाथ मंदिराच्या तळघरात आचार्य जिनभद्रसूरींनी पंधराव्या शतकात स्थापलेले भांडार आहे. याच सूरींनी देवगिरीसही ज्ञानभांडार स्थापिल्याचे परंपरा सांगते. आपल्या दौलताबादेत आज त्याची खूणही नाही. जैसलमेर मात्र वाळवंटाच्या कोरड्या हवेमुळे आणि किल्ल्याच्या दगडी पोटामुळे वाचले. १८७४ मध्ये ब्यूलर व याकोबी तेथे गेले होते, विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीधर भांडारकर गेले, पुढे दलाल गेले. सर्वांनी काही ना काही पाहिले, कोणालाच सर्व पाहता आले नाही. जैन साधूला वाहन वर्ज्य. अहमदाबादेहून अनवाणी चालत, मारवाडची वाळू तुडवीत मुनिश्री आपल्या पंडित-लेखनिकांसह १९५० मध्ये जैसलमेरला पोहोचले आणि दीड वर्षाच्या आसपास तेथे राहिले.

त्या काळात त्यांनी भांडाराची संपूर्ण फेररचना केली. विस्कटलेल्या पोथ्या जुळविल्या, नवे क्रमांक दिले, ताडपत्रांच्या मापाच्या अॅल्युमिनियमच्या पेट्या करवून त्यांत त्या ठेवल्या, दुर्मिळ ग्रंथांच्या नकला व पाठभेद घेतले आणि निवडक पोथ्यांचे सूक्ष्मचित्रण करविले. भारतात हस्तलिखितांचे सूक्ष्मचित्रण नवलाईचे होते, त्या काळी विजेच्या दिव्याचाही स्वतः वापर न करणाऱ्या एका साधूने त्याचे महत्त्व ओळखले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. विशेषावश्यकभाष्याची इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमाराची ताडपत्र पोथी त्यांनी येथेच अभ्यासली. लेखनवर्ष नोंदलेल्या येथील पोथ्यांत विक्रम संवत १११७ ची, म्हणजे १०६० च्या सुमाराची ओघनिर्युक्तिवृत्तीची पोथी सर्वांत जुनी गणली जाते.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. कुलूपबंद ग्रंथांचा प्रश्न एकट्या श्वेतांबर भांडारांचा नव्हता. मूडबिद्रीच्या सिद्धांतवसदीतील धवला-जयधवला शतकानुशतके दर्शनापुरत्याच राहिल्या होत्या. त्यांची नक्कल करविण्यासाठी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी खटपट केली, १८९६ मध्ये नकलेस आरंभ झाला आणि १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध झाला. ग्रंथ पेटीत सुरक्षित आहे असे मानून आपण निर्धास्त राहतो, आणि पेटीत पाने एकमेकांना चिकटत असतात. आपल्यापैकी कितीएकांच्या घरच्या माळ्यावर आजोबांची पोथी अशीच असेल!

अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाने आयुष्यभर संग्रह करावा, यात कोणाला विसंगती वाटेल. पुण्यविजयजींना विकत मिळालेल्या, भेट आलेल्या, रद्दीतून वाचविलेल्या अशा सुमारे दहा हजार हस्तलिखितांचा व सात हजार पुस्तकांचा संचय त्यांच्या नावाने झाला होता. तो त्यांनी अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिराच्या स्वाधीन केला. शेठ कस्तुरभाई लालभाई यांनी मुनिश्रींच्याच प्रेरणेने ही संस्था १९५६-५७ च्या सुमारास स्थापिली आणि पंडित दलसुखभाई मालवणिया तिचे संचालक झाले. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी तिची वास्तू उभारली. मुनिश्रींच्या संग्रहाची सूची अंबालाल शहा यांच्या संपादनाखाली १९६३ पासून खंडशः प्रसिद्ध झाली. पोथ्यांबरोबर आलेली चित्रे, पट, धातुमूर्ती व शिल्पे यांचे १९८० च्या दशकात स्वतंत्र संग्रहालय झाले. आज या संस्थेत पाऊण लाखाच्या आसपास हस्तलिखिते आहेत आणि तेथील शांतिनाथचरित्राच्या सचित्र पोथीची २०१३ मध्ये युनेस्कोच्या विश्वस्मृती नोंदवहीत नोंद झाली.

पोथी मागणाऱ्याचे मत, गच्छ वा देश त्यांनी विचारला नाही. स्वतः संपादनासाठी राखून ठेवलेली सामग्रीही, दुसरा योग्य अभ्यासक भेटला की, ते काढून देत. मुनी जंबूविजयजींनी १९६१ मध्ये वैशेषिकसूत्रांवरील चंद्रानंदांची प्राचीन वृत्ती प्रसिद्ध केली, तिची हस्तलिखित पोथी पुण्यविजयजींच्या संग्रहातून मिळालेली होती. विद्वत्तेच्या क्षेत्रात इतकी निर्मत्सर वृत्ती दुर्मिळ आहे, हे कटू असले तरी सत्य आहे. कोणतेही पद स्वीकारण्याचा मोह त्यांना झाला नाही. साठ वर्षांच्या दीक्षापर्यायानंतरही ते शेवटपर्यंत मुनीच राहिले.

अखेरची वर्षे आगमग्रंथांच्या संशोधित आवृत्तीच्या कामी गेली. मुंबईच्या श्री महावीर जैन विद्यालयाने ही माला हाती घेतली आणि नंदी व अनुयोगद्वार या सूत्रांचा पहिला खंड १९६८ मध्ये निघाला. पाटण, खंभात, जैसलमेर येथील ज्या पोथ्या त्यांनी धूळ झटकून जुळविल्या होत्या, त्याच आता पाठनिश्चितीसाठी उपयोगी पडत होत्या. १४ जून १९७१ रोजी मुंबई येथे ते कालधर्म पावले. आगममालेचे काम पुढे जंबूविजयजींनी २००९ मधील आपल्या अपघाती निधनापर्यंत चालविले.

जैसलमेरच्या भांडाराची सूची पुण्यविजयजींच्या पश्चात १९७२ मध्ये अहमदाबादहून छापून आली. तीत ग्रंथाचे व कर्त्याचे नाव, पानांची संख्या, भाषा, ग्रंथाग्र आणि लेखनसंवत यांच्यासमवेत पोथ्यांची स्थिती आणि लांबी-रुंदी इंचांत दिली आहे.